‘दुसरी भाषा’ ते ‘मायनर’ : विश्वभाषांच्या विद्यापीठीय अध्ययनाची चिकित्सा
(माधव जूलियन यांच्या फार्सी-व्यासंगाच्या संदर्भात)

गोषवारा : राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमांची ‘मेजर’ व ‘मायनर’ अशी रचना झाल्यामुळे परकीय व अन्य भाषांच्या अध्ययनाला नवे दार उघडले आहे, असे मानले जाते. प्रस्तुत लेखात या समजुतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी महाराष्ट्रातील महाविद्यालयांत पूर्वी रूढ असलेल्या ‘दुसरी भाषा’ या व्यवस्थेचा आणि तिच्यातून घडलेल्या वाङ्मयीन कार्याचा, विशेषतः माधव जूलियन यांच्या कोश, छंद व अनुवादविषयक कार्याचा, आधार घेतला आहे. त्या कसोटीवर आजची रचना कोठे उणी पडते आणि श्रीपूरसारख्या ग्रामीण परिसरातील महाविद्यालयाला तिच्यातून काय साधता येईल, याचा विचार शेवटी मांडला आहे.

प्रस्तावना

महाराष्ट्रात नव्या धोरणाची अंमलबजावणी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून सुरू झाली. विद्यार्थ्याने एक प्रमुख विषय निवडावा, त्याच्या जोडीला एक गौण विषय घ्यावा आणि उरलेले श्रेयांक कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य इत्यादींतून मिळवावेत, अशी ही रचना आहे. या रचनेचे स्वागत करताना एक मुद्दा वारंवार मांडला जातो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आता जर्मन शिकू शकेल, विज्ञानाचा विद्यार्थी जपानी घेऊ शकेल, इतिहासाचा विद्यार्थी फार्सीकडे वळू शकेल, हा तो मुद्दा होय. कागदावर हे खरेच आहे. मात्र एखादी भाषा अभ्यासक्रमात येणे आणि ती भाषा विद्यार्थ्याच्या बुद्धीत रुजणे यांत फार मोठे अंतर असते. हे अंतर कसे भरून निघते, याचा अनुभव मराठी भाषकांच्या गाठीशी शतकाहून अधिक काळाचा आहे. नवी रचना आखताना त्या अनुभवाची विचारपूस फारशी झालेली दिसत नाही. अभ्यासमंडळे आणि महाविद्यालये सध्या गौण विषयांच्या याद्या ठरवीत आहेत. आज जे विषय यादीत येतील ते पुढील अनेक वर्षे तेथेच राहतील आणि जे वगळले जातील त्यांचे अध्यापकही हळूहळू नाहीसे होतील. म्हणून ही चिकित्सा आताच होणे आवश्यक वाटते.

१. संज्ञांचा प्रश्न

‘परकीय भाषा’ आणि ‘विश्वभाषा’ या दोन संज्ञा आपल्याकडे समानार्थी वापरल्या जातात. वास्तविक त्यांच्यामागील दृष्टी भिन्न आहेत. ‘परकीय’ म्हणताना देशाची सीमा गृहीत धरलेली असते. ‘विश्वभाषा’ म्हणताना सर्व भाषा, आपलीही, एकाच पातळीवर ठेवून पाहण्याची अपेक्षा असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांची उदाहरणे म्हणून कोरियन, जपानी, थाई, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज व रशियन या भाषांचा उल्लेख आहे. २०१९ च्या मसुद्यात असलेली चिनी भाषा अंतिम धोरणाच्या यादीत नाही. फार्सीचा उल्लेख मात्र परकीय भाषांत नसून तमिळ, तेलुगू, कन्नड, पाली, प्राकृत यांच्याबरोबर भारताच्या अभिजात भाषांत आहे.

ही मांडणी विचारात घेण्यासारखी आहे. एकीकडे भाषांची निवड राजनैतिक संबंधांच्या चढउतारांवर अवलंबून राहते, हे चिनीच्या वगळण्यावरून दिसते. दुसरीकडे, इराणात जन्मलेली भाषा दीर्घ सहवासाने भारतीय ठरू शकते, हे फार्सीच्या समावेशावरून दिसते. भाषा ‘परकी’ की ‘आपली’ हे तिच्या जन्मस्थानावरून ठरत नाही. तिच्याशी आपण किती व्यवहार केला यावरून ते ठरते. सोलापूरच्या वाचकाला हे निराळे सांगण्याची गरज नाही. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू या भाषा शेजारशेजारच्या पेठांत नांदतात. हे लक्षात घेता विश्वभाषांचा विचार केवळ युरोपीय भाषांपुरता मर्यादित ठेवणे हे आपल्या परिसरालाच न ओळखणे ठरेल.

२. ‘दुसरी भाषा’ या व्यवस्थेचे फलित

मुंबई विद्यापीठाच्या जुन्या अभ्यासक्रमात इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, फार्सी, लॅटिन यांसारखी एक अभिजात भाषा ‘दुसरी भाषा’ म्हणून घेतली जाई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात मराठीलाच दीर्घकाळ मानाचे स्थान नव्हते आणि मराठीच्या प्रवेशासाठी न्या. महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्यांना झगडावे लागले. शिवाय ती मूठभरांचीच होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. या व्यवस्थेत विद्यार्थी एकच भाषा सलग काही वर्षे शिकत असे आणि ती शिकविणारा अध्यापक त्या भाषेचा व्यासंगी असे.

एखादी भाषा विद्यापीठात कशी प्रवेश करते, याचे बोलके उदाहरण पालीचे आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धचरित्राच्या ओढीने घर सोडून निघाले आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपाला पोहोचून विद्योदय परिवेणात पाली शिकले. परत आल्यावर कलकत्त्यात त्यांनी पालीचे अध्यापन केले. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या पाठिंब्याने पालीला मुंबई विद्यापीठात स्थान मिळाले आणि १९१२ ते १९१८ या काळात कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी पु. वि. बापट यांनी पालीवरून पुढे चिनी भाषेचा मार्ग धरला. ज्या ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचे पाली मूळ हाती नव्हते, त्याच्या सहाव्या शतकातील चिनी भाषांतराची ‘विसुद्धिमग्गा’शी तुलना करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या साखळीतील प्रत्येक दुवा महत्त्वाचा आहे. एक तळमळीचा अध्येता, एक आश्रयदाता, विद्यापीठात वजन असलेला एक विद्वान, पद निर्माण करणारे एक महाविद्यालय आणि गुरूच्या पुढे जाणारा एक विद्यार्थी असे सर्व घटक जुळून आले, तेव्हा एक भाषा रुजली. यांपैकी अभ्यासक्रमातील कागदी तरतूद हा केवळ एक घटक होता, हे विसरून चालणार नाही.

३. माधव जूलियन : एका भाषेचे तीन उपयोग

या परंपरेची खरी कसोटी पाहावयाची तर माधव त्रिंबक पटवर्धन म्हणजेच माधव जूलियन (१८९४-१९३९) यांच्याकडे वळावे लागते. रविकिरण मंडळाचे कवी म्हणून ते सर्वपरिचित आहेत. परंतु व्यवसायाने ते प्रथम पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फार्सीचे अध्यापक होते. त्यांच्या फार्सी-व्यासंगाचे मराठीला तीन प्रकारचे फळ मिळाले.

पहिले फळ म्हणजे १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘फार्शी-मराठी कोश’. मराठ्यांच्या इतिहासाची साधने त्या वेळी मोठ्या प्रमाणावर उजेडात येत होती. दप्तरांतील मराठी फार्सी शब्दांनी भरलेली होती आणि ती वाचणाऱ्या अभ्यासकांपैकी अनेकांना फार्सी येत नव्हती. महाविद्यालयातील ‘दुसऱ्या भाषे’चा अध्यापक येथे इतिहाससंशोधनाच्या साहाय्याला आला. एका विषयाचे ज्ञान दुसऱ्या विषयाची अडचण दूर करते, तेव्हाच ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द सार्थ होतो. आजच्या धोरणात हा शब्द पुष्कळदा येतो. तो प्रत्यक्षात कसा असतो, हे या कोशावरून समजून घेता येते.

दुसरे फळ छंदःशास्त्राचे. ‘छंदोरचना’ हा ग्रंथ १९२७ मध्ये निघाला आणि १९३७ मध्ये त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ती आली. या कार्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी वृत्तांचा विचार संस्कृत गणपद्धतीच्या चौकटीतच होत असताना फार्सी-अरबी वृत्तव्यवस्थेचा जाणकार त्या चौकटीकडे बाहेरून पाहू शकत होता. लघु-गुरूंची मांडणी अन्य रीतीनेही करता येते, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला आपल्या वृत्तांतील लयतत्त्व अधिक स्पष्टपणे दिसते. ‘गज्जलांजलि’ (१९३३) या संग्रहातून त्यांनी गझलेची वृत्ते मराठीत प्रत्यक्ष वापरून दाखविली. परभाषेच्या अध्ययनाचा सर्वांत मोठा लाभ स्वभाषेच्या आकलनात होतो, या विधानाला याहून चांगला पुरावा मिळणे कठीण आहे.

तिसरे फळ अनुवादाचे आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते सर्वाधिक विचारणीय आहे. माधव जूलियन यांनी १९२९ मध्ये ‘उमरखय्यामकृत रुबाया’ हा मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद प्रसिद्ध केला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांचे ‘द्राक्षकन्या’ आले. ते एडवर्ड फिट्झजेराल्ड यांच्या इंग्रजी काव्यावरून केलेले होते. एकाच कवीच्या नावाशी निगडित दोन पुस्तके एकाच अनुवादकाने इतक्या थोड्या अवधीत का करावीत, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे उत्तर फार्सी रुबाईच्या स्वरूपात सापडते. रुबाई ही चार ओळींची स्वयंपूर्ण रचना असते. तिच्यातील पहिली, दुसरी व चौथी ओळ सामान्यतः यमकाने बांधलेली असते आणि तिसरी मोकळी राहू शकते. जुन्या हस्तलिखितांत रुबायांचा क्रम बहुधा अंत्याक्षरानुसार, म्हणजे वर्णानुक्रमाने, लावलेला असतो. त्यामुळे एका रुबाईचा पुढच्या रुबाईशी अर्थाने संबंध असेलच असे नाही. फिट्झजेराल्ड यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काव्यात हे स्वरूप पालटून टाकले. त्यांनी रुबाया निवडल्या, काही एकमेकींत मिसळल्या आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत जाणारा एक भावक्रम रचला. एडवर्ड हेरन-ॲलन यांनी १८९९ मध्ये या काव्याची मूळ फार्सी रचनांशी तपासणी केली. १०१ चौपद्यांपैकी ४९ चौपद्या प्रत्येकी एकेका मूळ रुबाईशी जुळतात आणि ४४ चौपद्या एकाहून अधिक रुबायांच्या मिश्रणातून झालेल्या आहेत, असे त्यांना आढळले. उरलेल्यांपैकी काहींचे मूळ तर अत्तार व हाफिज यांच्या काव्यात निघाले.

तात्पर्य, जगभर ज्या उमरखय्यामचे नाव झाले तो अर्धाअधिक एका इंग्रज कवीने घडविलेला आहे. ज्याला केवळ इंग्रजी येते त्याच्या दृष्टीने उमरखय्याम एकच असतो. ज्याला फार्सीही येते त्याला दोन कवी दिसतात, दोहोंचे गुण वेगळे दिसतात आणि दोहोंना स्वतंत्र न्याय द्यावासा वाटतो. माधव जूलियन यांनी इंग्रजी काव्याला मूळाचा विपर्यास म्हणून झिडकारले नाही आणि त्याला मूळही मानले नाही. दोन पुस्तके करून त्यांनी हा विवेक कृतीत उतरविला. विश्वभाषेच्या विद्यापीठीय अध्ययनातून नेमके काय साधावयाचे असते, याचे उत्तर या दोन पुस्तकांमधील अंतरात आहे. संवाद साधता येणे, पत्र लिहिता येणे, नोकरी मिळणे ही सर्व उद्दिष्टे योग्यच आहेत. परंतु मधल्या भाषेने आपल्याला काय दिले आणि काय बदलून दिले हे ओळखता येणे, हे विद्यापीठाचे खास उद्दिष्ट होय.

कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या काळापासून आपल्याकडे अरबी गोष्टीही इंग्रजीवाटेच आल्या. फ्रेंच कादंबरी, रशियन कथा, ग्रीक शोकात्मिका यांचा मराठीतील प्रवेश बव्हंशी याच वाटेने झाला. हा मार्ग त्याज्य नाही, कारण त्याविना पुष्कळ काही आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. पण ती इंग्रजीची वाट आहे, ही जाणीव तरी असली पाहिजे. थेट वाट माहीत असलेले काही जण समाजात असतील तरच ती जाणीव टिकते.

४. या उदाहरणाच्या मर्यादा

माधव जूलियन यांचे उदाहरण आदर्श म्हणून जसेच्या तसे पुढे ठेवणे योग्य होणार नाही. त्यांच्या गज्जलांवर असा आक्षेप घेतला गेला आहे की, त्यांत वृत्त आले, पण प्रत्येक शेराचे स्वतंत्र, स्वयंपूर्ण अस्तित्व सर्वत्र आले नाही. अनेक गज्जला भावगीतासारख्या एकसलग वाटतात. मराठी गझलेला तिचा आजचा रूढ आकार मिळण्यासाठी सुरेश भटांच्या पिढीची वाट पाहावी लागली. हा आक्षेप बव्हंशी ग्राह्य आहे. वृत्त शास्त्राच्या अभ्यासातून आत्मसात करता येते. शेराची जाण मात्र तो ऐकणाऱ्या समाजाच्या सहवासातून येते आणि महाविद्यालयीन अध्ययनात नेमका हाच सहवास उणा असतो.

दुसरी विसंगती अधिक गुंतागुंतीची आहे. फार्सी-मराठी कोश करणारा हाच विद्वान पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कर्ता झाला आणि १९३८ मध्ये त्याचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. परभाषेचे ज्ञान माणसाला आपोआप उदार करते, ही समजूत या घटनेने डळमळीत होते. फार्सीच्या ज्ञानामुळे मराठीतील फार्सी शब्द नेमके हेरता आले आणि तेच ज्ञान त्यांना दूर करण्याच्या कामी आले. त्यामुळे ‘विविध भाषा शिकल्याने सहिष्णुता वाढते’ यासारखी विधाने अभ्यासक्रमाच्या उद्दिष्टांत लिहिताना थोडा संयम पाळलेला बरा. भाषा समज देते. त्या समजेचा विनियोग कसा करावयाचा, हे अन्य मूल्यांवर ठरते.

५. तासांचा हिशेब

आता नव्या रचनेकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० श्रेयांक असून त्यांपैकी किमान ६० प्रमुख विषयाला व २४ गौण विषयाला आहेत. महाराष्ट्राच्या रचनेतील आकडे काहीसे वेगळे आहेत, परंतु त्याने पुढील युक्तिवादात फरक पडत नाही. एका श्रेयांकासाठी १५ तासांचे अध्यापन धरले तर गौण विषयाला तीन वर्षांत ३६० तास मिळतात. प्रमुख विषयाला ९०० तास मिळतात.

हे तास कितपत पुरेसे आहेत? जर्मन भाषेसाठी गटे-इन्स्टिट्यूटने दिलेल्या अंदाजानुसार बी-१ ही पातळी गाठण्यास ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका लागतात. म्हणजे गौण विषयाचे सर्व तास काटेकोरपणे झाले तर विद्यार्थी फार तर या पातळीच्या आसपास पोहोचेल. बी-१ म्हणजे परिचित विषयावर बोलणे, प्रवासात निभावून नेणे, साधे पत्र लिहिणे. अमेरिकेच्या परराष्ट्र सेवेतील प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकांना व्यावसायिक प्रावीण्य मिळविण्यासाठी फार्सी, रशियन यांसारख्या भाषांना सुमारे ११०० वर्गतास, तर जपानी, चिनी व अरबी या भाषांना सुमारे २२०० वर्गतास आवश्यक मानते. मराठी भाषकाला फार्सी काहीशी सुलभ जाईल आणि जपानीची वाक्यरचना इंग्रजी भाषकाइतकी अपरिचित वाटणार नाही, हे मान्य केले तरी अंतर मोठेच राहते. परीक्षा, सुट्ट्या व प्रवेशप्रक्रियेतील विलंब यांत जाणारे तास वेगळेच.

यावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, गौण विषयातून भाषेवर प्रभुत्व येईल असे आश्वासन विद्यार्थ्याला देऊ नये. दुसरा असा की, उपलब्ध ३६० तास एकाच भाषेला, सलग, सहाही सत्रांत मिळाले पाहिजेत. एका सत्रात फ्रेंचची ओळख, पुढच्या सत्रात जपानीची ओळख, असा ‘ओळखी’चा अभ्यासक्रम आखला तर प्रमाणपत्रे वाढतील आणि भाषा एकही येणार नाही. जुन्या ‘दुसऱ्या भाषे’त दोष अनेक होते, सातत्य हा तिचा गुण होता. निवडीच्या स्वातंत्र्याच्या नावाखाली आपण नेमका तोच गमावीत आहोत.

६. भाषा आणि वाङ्मय यांची फाळणी

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. अमेरिकेतील मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने २००७ च्या अहवालात विद्यापीठांतील भाषाविभागांच्या दुभंगलेल्या रचनेवर बोट ठेवले होते. खालच्या वर्गांत अस्थायी शिक्षकांनी भाषा शिकवायची आणि वरच्या वर्गांत कायम प्राध्यापकांनी वाङ्मय शिकवायचे, ही ती रचना. त्या देशात इंग्रजीतर भाषांच्या वर्गांतील नावनोंदणी २०१६ ते २०२१ या काळात १६.६ टक्क्यांनी घटली, असे याच संस्थेच्या पाहणीत दिसून आले. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने आपला विश्वभाषा विभाग विसर्जित करून त्यातील पदवी अभ्यासक्रम बंद करण्याचा निर्णय घेतला. विरोधानंतर काही भाषांचे मोजके वर्ग तेवढे शिल्लक राहिले. भाषा केवळ कौशल्य म्हणून शिकविली की, ते कौशल्य अन्यत्र स्वस्तात मिळते, असा हिशेब व्यवस्थापन कधी ना कधी मांडणारच, हा या घटनांचा बोध आहे.

आपल्याकडे ही फाळणी आणखी तीव्र आहे. परकीय भाषा शिकविणारा शिक्षक बहुधा तासिका तत्त्वावर असतो. तो अभ्यासमंडळावर नसतो, संशोधनाचे मार्गदर्शन करीत नाही आणि पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री नसते. कोसंबींना आश्रय आणि पद मिळाले, माधव जूलियन यांना अध्यापकपद मिळाले, म्हणून त्यांच्या हातून कोश, संपादने व अनुवाद झाले. पद न देता केवळ विषय देणाऱ्या रचनेकडून तशा फळाची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

यंत्रानुवादाने भाषाध्ययनाची गरजच संपविली, असाही एक युक्तिवाद आता ऐकू येतो. व्यवहारातील पत्रे, सूचनाफलक, मालाची वर्णने यांच्याबाबत तो पुष्कळ अंशी खरा आहे. पण यंत्र भाषांतर पुरविते, ते पारखण्याची जबाबदारी वाचकाकडेच राहते. समोरचा उमरखय्याम फार्सीतला की फिट्झजेराल्डचा, हे विचारण्याइतके ज्ञान नसेल तर यंत्राकडून मिळालेले उत्तर तपासावयाचे कशाच्या आधारावर?

७. श्रीपूरच्या परिसरातून

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेले गाव. १९३४ मध्ये चंद्रशेखर आगाशे यांनी बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली आणि या परिसराचे रूप पालटले. अशा गावातील विद्यार्थ्याने विश्वभाषा का शिकावी, या प्रश्नाची सुरुवात कारखान्याच्या दारातूनच करता येते. ‘कारखाना’, ‘हंगाम’, ‘मजूर’, ‘जमीन’ हे शब्द फार्सीकडून आले. ‘पगार’ आणि ‘घमेले’ पोर्तुगीजांकडून आले. संस्कृत ‘शर्करा’, फार्सी ‘शकर’, अरबी ‘सुक्कर’, पोर्तुगीज ‘असूकार’, जर्मन ‘त्सुकर’ ही मालिका फळ्यावर लिहिली तर उसाच्या रसाबरोबर प्रवास केलेल्या एका शब्दाचा इतिहास विद्यार्थ्यापुढे उभा राहतो. जगात सर्वाधिक साखर पिकविणाऱ्या ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे, ही माहितीही या परिसरातील कृषी व वाणिज्याच्या विद्यार्थ्याला निरुपयोगी नाही.

याहून गंभीर बाब ज्ञानाची आहे. या प्रदेशातील देवतांवर, संप्रदायांवर आणि लोकजीवनावर परभाषांत महत्त्वाचे संशोधन झाले आहे. गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्यावरील ग्रंथ १९७६ मध्ये जर्मनमध्ये निघाला आणि त्याचे इंग्रजी रूप १९८९ मध्ये आले. माळशिरस, सांगोला, मंगळवेढा या भागांतील धनगर समाजाच्या उपासनेशी निकटचा संबंध असलेला हा ग्रंथ वाचण्यासाठी येथील अभ्यासकाला तेरा वर्षे थांबावे लागले. विठ्ठल संप्रदायावर फ्रेंच व रशियन भाषांतही अभ्यास झाले आहेत. रा. चिं. ढेरे यांच्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथाने दाखवून दिले की, पंढरपूर समजून घ्यावयाचे तर कन्नड व तेलुगू साधनांकडे वळावेच लागते. पुरंदरदासांची नाममुद्रा ‘पुरंदर विठ्ठल’ अशी आहे, ही एकच गोष्ट पंढरपूरच्या अभ्यासकाला कन्नडची आवश्यकता पटवून देण्यास पुरेशी आहे. आपल्याविषयीचे ज्ञान ज्या भाषांत आहे त्या भाषांकडे पाठ फिरविली, तर आपण आपल्याच विषयाचे केवळ माहितीदाते राहू, अभ्यासक होणार नाही.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तेथे चिनी भाषा शिकले, त्या भाषेत शिकवू लागले आणि १९४२ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तेथेच निधन पावले. त्यांनी ती भाषा कोणत्याही विद्यापीठात घेतली नव्हती. गरज आणि सहवास यांनी ती शिकविली. महाविद्यालयाला सहवास निर्माण करता येत नसला तरी गरज निर्माण करता येते. विद्यार्थ्याच्या प्रमुख विषयातील एखादा प्रश्न असा निवडावा, जो त्या भाषेवाचून सुटत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार्सी शब्दांनी भरलेले दप्तर द्यावे, मराठीच्या विद्यार्थ्याला कन्नड हरिदासांची पदे द्यावीत, वाणिज्याच्या विद्यार्थ्याला डाळिंब-निर्यातीच्या मूळ जर्मन वा फ्रेंच अटी वाचावयास द्याव्यात.

या दृष्टीने काही व्यवहार्य सूचना करता येतील. एक, प्रत्येक महाविद्यालयाने पाच भाषांची यादी छापण्याऐवजी एक भाषा निवडून ती सहा सत्रे चालवावी. दोन, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे कार्यक्षेत्र एका जिल्ह्यापुरते आहे. या सोयीचा लाभ घेऊन तीन-चार महाविद्यालयांनी मिळून एका भाषेसाठी एक पूर्णवेळ अध्यापक ठेवावा. तीन, ‘स्वयं’ या मंचावरील जर्मन, जपानी इत्यादींचे प्राथमिक अभ्यासक्रम पायाभरणीसाठी स्वीकारावेत आणि वर्गातील तास वाचन व अनुवाद यांसाठी राखावेत. चार, गौण विषयाच्या अंतिम मूल्यमापनात मूळ भाषेतून मराठीत केलेला एक छोटा, टिपांसह अनुवाद अनिवार्य असावा. पाच, घरी तेलुगू, कन्नड वा उर्दू बोलणाऱ्या विद्यार्थ्याला त्या भाषेचे लेखन-वाचन शिकण्याची व त्यासाठी श्रेयांक मिळण्याची सोय असावी.

समारोप

‘दुसरी भाषा’ ही जुनी व्यवस्था मूठभरांची होती. ‘मायनर’ ही नवी व्यवस्था सर्वांसाठी आहे. हा फरक स्वागतार्ह आहे आणि तो गमावता कामा नये. मात्र जुन्या व्यवस्थेने मूठभरांना जे दिले ते नव्या व्यवस्थेने सर्वांना देऊ करताना पातळ करून देऊ नये, एवढीच अपेक्षा आहे. सातत्य, स्थिर अध्यापकपद, प्रमुख विषयाशी जोडलेली गरज आणि शेवटी स्वभाषेकडे परतण्याची दिशा या चार गोष्टी असतील तर ३६० तासही वाया जाणार नाहीत. ग्रामीण महाविद्यालयातून दर वर्षी माधव जूलियन निर्माण व्हावेत, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘द्राक्षकन्या’ आणि ‘रुबाया’ ही दोन निरनिराळी पुस्तके का आहेत, हे समजू शकणारा पदवीधर येथून बाहेर पडावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. तो पदवीधर घडवावयाचा की नाही, हे शासननिर्णयापेक्षा गौण विषयांची यादी तयार करणाऱ्या महाविद्यालयीन समितीच्या टेबलावर ठरणार आहे.